मांजरीला सबब आहे, मला नाही

आज पुण्याच्या कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये आमच्या मांजरीसाठी कोंबडीची कलेजी घेताना जाणवले, की एका जिवाच्या लाडासाठी दुसरा कापला जातो आणि त्यात मला काहीच वावगे वाटत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मांजर आणि कोंबडी दोघींनाही लागू आहे. मात्र माणसाच्या अन्नासाठी मारण्यास, अनावश्यक यातना दिल्या नसतील तर, त्याच्या ११व्या कलमात सूट आहे. मांजरीला मांस लागते, कारण टॉरिन हे आवश्यक द्रव्य तिचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. माझ्यापाशी ही सबब नाही. ‘कोंबडीला अक्कल कुठे असते?’ हा घरात नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद मला लंगडा वाटतो, कारण वेदना व्हायला अक्कल लागत नाही (आणि आमच्या मांजरीची अक्कलही फारशी उजेड पाडणारी नाही). रविवारच्या मटणाचे काय करायचे, हे मात्र अजून ठरलेले नाही.