अर्धंच खरवडायचं

दुपारी वीज जाते. पंखा दोन-चार सुस्त फेरे घेऊन थांबतो, आणि त्यानंतरच्या शांततेत माणूस उगाच खण उघडत बसतो. असा एक खण प्रत्येक घरात असतो. त्यातल्या वस्तू कचरा म्हणून टाकवत नाहीत आणि कामाच्या म्हणाव्यात तर काम आठवत नाही. भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला, पण ‘असू दे, थोडा जीव आहे’ म्हणून ठेवलेला पेन्सिल सेल. एकीत एक अडकवलेल्या सेफ्टी पिनांची माळ. निम्मे चिकट झालेले रबर बँड. फ्रिजवरच्या शोभेच्या आंब्यामागून निघालेलं काळं, गोल लोहचुंबक. त्याला एक टाचणी कायमची चिकटलेली.

म्हणजे सेलला लावलेल्या दोन पिनांवर तारेचं वेटोळं (कॉइल) फिरतं ती खेळण्यातली मोटर जवळजवळ तयारच. कमी आहे ती एक मीटर तांब्याची तार.

तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. बाहेर जळक्या पंपांची रांग आणि आत वार्निशचा वास, ते दुकान. ‘चोवीस गेज द्या’ म्हणावं. गेज म्हणजे जाडीचा आकडा, आकडा मोठा तेवढी तार बारीक. तार तिथे वजनावर विकतात आणि चोवीस गेजची मीटरभर तार भरते जेमतेम सव्वादोन ग्रॅम, तेव्हा दुकानदार ज्या नजरेने बघेल ती सोसायची तयारी हवी. बहुधा तो रिळाच्या टोकाचा तुकडा तोडून हातावर ठेवतो आणि पैसे घेत नाही. चोवीसचा आग्रह अशासाठी की ती साधारण ०.५६ मिलिमीटर जाड असते, आपला आकार धरते आणि तरी बोटांनी वळते. वीस गेज वळवताना बोटं दुखतात आणि कॉइल जड होते. तीस गेजची कॉइल हलकी, सुबक होते, पण तिची टोकं कॉइलच्या भारानेच वाकतात. जळक्या पंख्यातून उपसलेली तार घेऊच नये. ती बारीक असते, वार्निशने एकमेकींना चिकटलेली असते आणि उलगडताना तुटते.

या तारेची एक लबाडी आहे. ती उघडी दिसते, पण असते अंगभर एनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, ल्यालेली. थर इतका पातळ आणि तांब्याच्याच रंगाचा की बघणाऱ्याला वाटतं, हे तर नुसतं तांबं. तशीच गुंडाळली, तशीच टेकवली, तर काहीच होत नाही आणि दोष सेलला दिला जातो. काही लोक काडी पेटवून एनॅमल जाळतात. त्याने तारेवर काळा थर बसतो, तो पुन्हा खरवडावा लागतोच. मग आधीच ब्लेड किंवा पॉलिश पेपर का नाही?

कॉइल सुमारे दोन सेंटिमीटर जाडीच्या कशावरही गुंडाळावी. जाड मार्कर चालतो, डोळ्यांच्या थेंबांची बाटली चालते. वेढे दहा. पाचांत जोर येत नाही. वेढे वाढवले की जोर वाढतो खरा, पण वजनही वाढतं, आणि वजन म्हणजे पिनेच्या भोकात घर्षण. तिसाच्या पुढे कॉइल नुसती हुंकार देते. दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर टोकं सोडायची आणि प्रत्येक टोक कॉइलभोवती दोनदा घट्ट गुंडाळून बरोबर मधोमध, समोरासमोर, सरळ रेषेत बाहेर काढायचं. हे ‘सरळ रेषेत’ लिहायला सोपं आहे. तपासायचं असेल तर चुंबक न लावता कॉइल पिनांवर ठेवून फिरवून बघावी. दर वेळी वेगळ्या जागी थांबली तर तोल बरा आहे. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती बाजू जड आहे. टोक किंचित त्या बाजूला सरकवायचं.

पिना सेलच्या दोन्ही तोंडांना, पिनेच्या वेटोळ्याचं भोक वर, कॉइलची टोकं त्या भोकांत, आणि सगळ्याला लांबीच्या दिशेने रबर. साध्या रबर बँडपेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली रुंद कडी कितीतरी चांगली. पिन तिच्याखाली हलत नाही. टॉर्चचा सेल, ट्यूबची पट्टी, दोन पिना, एक चुंबक ही जोडणी गावोगावच्या मुलांपर्यंत पोचवण्यात अरविंद गुप्तांचा मोठा वाटा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते टाकाऊ वस्तूंतून अशी शेकडो खेळणी करत असत. पुढे २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पंक्चर झालेल्या ट्यूबची इतकी चांगली सोय दुसऱ्या कुणी केलेली नाही.

रंग दिलेल्या पिना घेऊ नयेत. रंग म्हणजे पुन्हा एनॅमलच. चुंबक सेलच्या पाठीवर मधोमध. सेलचं आवरण लोखंडी असेल तर ते आपोआप चिकटतं. कागदी किंवा प्लॅस्टिकच्या आवरणाच्या सेलला चिकटत नाही, कारण आतलं जस्त चुंबकाला ओळखत नाही. तिथे सेलोटेप लावावी. फ्रिजवरची जाहिरातींची चपटी, रबरासारखी वाकणारी चुंबकंही उपयोगाची नाहीत. त्यांच्यात उत्तर-दक्षिणचे बारीक पट्टे एकाआड एक असतात आणि चार-पाच मिलिमीटर वर त्यांचा जोर संपतो. कडक काळं चुंबक हवं. एकावर एक दोन ठेवली तर आणखी बरं. कॉइल आणि चुंबक यांच्यात तीन-चार मिलिमीटर अंतर राहू द्यायचं.

हे सगळं करूनही मोटर फिरतेच असं नाही. फिरणं न फिरणं ठरतं ते टोकं खरवडण्यावर, आणि इथे मी जरा हट्टी आहे.

एक टोक सगळीकडून खरवडायचं. दुसरं अर्धंच. अर्धं म्हणजे अर्ध्या लांबीपर्यंत नाही; पूर्ण लांबीभर, पण गोलाईची फक्त एक बाजू. त्यासाठी कॉइल टेबलाच्या कडेबाहेर उभी धरायची, नाणं कडेवर उभं राहतं तशी. टोक टेबलावर आडवं टेकवायचं आणि ब्लेडने फक्त वरची बाजू तांबं चमकेपर्यंत घासायची. खालच्या बाजूला हात लावायचा नाही. हात फार शिवशिवतो, सफाईची सवय असते, पण लावायचा नाही.

पिनेच्या भोकात तार आपल्या खालच्या अंगावर टेकते. फिरता फिरता खरवडलेली बाजू खाली आली की प्रवाह सुरू होतो. ती बाजू बरोबर खाली असते तेव्हा कॉइल उभी असते, आणि उभ्या कॉइललाच चुंबकाचा पीळ सर्वांत जास्त बसतो. पुढच्या अर्ध्या फेऱ्यात एनॅमल खाली येतं, प्रवाह तुटतो आणि कॉइल आधीच्या वेगावर तशीच पुढे जाते. त्या अर्ध्यात प्रवाह चालू राहिला असता तर पीळ उलटा बसला असता. मोठ्या मोटरीत कम्युटेटर तिथे प्रवाहाची दिशाच उलटवतो आणि दोन्ही अर्ध्यांत ढकलतो. आपल्याकडे तेवढं वैभव नाही, म्हणून आपण अर्ध्या फेऱ्यात नुसते गप्प बसतो.

कॉइल आडवी धरून टोक खरवडलं तर प्रवाह नेमका चुकीच्या अर्ध्यात सुरू राहतो. आधी पुढे ढकलतो, मग तेवढंच मागे ओढतो. कॉइल थरथरते आणि थांबते. दोन्ही टोकं सगळीकडून खरवडली तर ती चुंबकावर आडवी होऊन रुसून बसते आणि सेल तापायला लागतो. गंमत म्हणजे कधीकधी अशी पूर्ण खरवडलेलीही फिरते. टोकं भोकात उड्या मारतात, संपर्क योगायोगाने बरोबर वेळी तुटतो, आणि करणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं. अशा मोटरीवर विश्वास ठेवू नये. चुकून जास्त खरवडलं गेलं तर कॉइल फेकायची मात्र गरज नाही. अर्ध्या बाजूला नेलपॉलिशचा हात मारायचा आणि वाळू द्यायचं.

आणि मग टिचकी. ही मोटर बहुधा स्वतःहून सुरू होत नाही. एनॅमलची बाजू खाली असेल तर तिला वीज आहे हेच कळत नाही. हलकी टिचकी द्यायची. एका दिशेने दिली आणि ती कुरकुरली तर दुसऱ्या दिशेने. दिशा सेल आणि चुंबक मिळून ठरवतात. सेल उलटा लावा, दिशा उलटते. चुंबक पालथं करा, तरी उलटते. दोन्ही केलं तर पुन्हा होती तीच. पण कॉइल उचलून डावं टोक उजवीकडे ठेवलं तर? काही बदलत नाही. का, ते जेवून झाल्यावर आडवं पडून सोडवायला चांगलं कोडं आहे.

टिचकीवरून आठवतं ते काठीने ढकललेले पंखे. बटण दाबलं की नुसती गुणगुण करणारा आणि केरसुणीच्या दांड्याने एक पातं ढकललं की निमूट फिरणारा पंखा. ‘कंडेन्सर गेलाय’ असं सगळं घर एकमेकांना सांगतं आणि बदलत कुणी नाही. आपल्या कॉइलचं कारण वेगळं, पंख्याचं वेगळं. त्याच्या आत कंडेन्सरवाचून चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होत राहतं. एकदा ढकललं की मग तो ती दिशा धरतो. मिक्सर मात्र आपल्या कॉइलचा सख्खा नातेवाईक. त्यात कार्बन असतात, कम्युटेटर असतो, अंधारात बघितलं तर फटींतून निळसर ठिणग्या दिसतात. चटणीत खोबऱ्याचा तुकडा अडकून तो जाम झाला की जो वास येतो, त्याचं कारण आणि अडकलेली कॉइल सेल तापवते त्याचं कारण एकच. फिरणारी मोटर फिरता फिरता स्वतःच प्रवाहाला थोडा विरोध करते, थांबलेली करत नाही. म्हणून मिक्सरच्या पोटाखाली ते लाल बटण. सेलला तसलं बटण नाही. तेव्हा कॉइल थांबली की उचलून ठेवायची. आणि मोबाइलच्या बॅटरीवर, लॅपटॉपमधल्या लिथियम सेलवर, भिंतीवरच्या प्लगवर हा खेळ करायचा नाही. मीटरभर तारेचा रोध एका ओहमच्या चौदाव्या भागाएवढा असतो. लिथियम सेलच्या लेखी हे सरळ शॉर्ट सर्किट.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हीच मोटर पांढऱ्या चादरीच्या टेबलावर असते. शेजारी ज्वालामुखी, पलीकडे पवनचक्की. सकाळी आठपासून ती प्रत्येकाला दाखवून होते. अकराला प्रमुख पाहुणे येतात, मुलगा टिचकी मारतो आणि कॉइल अर्धा फेरा घेऊन थांबते. पाठ केलेलं भाषण मात्र थांबत नाही. हे नशीब नाही. साध्या पेन्सिल सेलमधून दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला की तो दमतो, पण विश्रांती दिली की बराचसा सावरतोही. पाहुणे येण्याआधी अर्धा तास मोटर बंद ठेवायची आणि पॉलिश पेपरने टोकं पुसून घ्यायची, कारण दर फेऱ्याला उडणाऱ्या बारीक ठिणग्यांनी ती काळी पडतात. बास. सेल उन्हात ठेवायचा तो जुना उपायही अगदीच खोटा नव्हे. गरम सेल थोडा आणखी देतो. दातांनी चावायचा उपाय मात्र करू नये.

पाठ्यपुस्तकात हीच वस्तू ‘विद्युत चलित्र’ होते आणि कॉइलचं ‘कुंडल’ होतं. मग चुंबकक्षेत्र, प्रवाह आणि फिरण्याची दिशा तीन बोटांवर दाखवणारा फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. परीक्षेच्या वर्गात तीन बोटं तीन दिशांना ताणून, मनगट मोडेपर्यंत वळवून बसलेली मुलं बाहेरून बघितली तर काही मंत्रतंत्र चालल्यासारखं वाटतं. मोटरीला डावा हात हे उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचं भाग्य, तो मोकळाच असतो. जनित्राचा नियम उजव्या हाताचा. पेन खाली ठेवायचा कंटाळा करून जी मुलं तिथेही डावाच हात वापरतात, त्यांचा बाण उलटा जातो.

इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेकडे यातलं काही नव्हतं. १८२१ च्या सप्टेंबरात, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, तिशीही न गाठलेल्या या माणसाने पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभं केलं, वरून तार लोंबकळत सोडली आणि ती तार चुंबकाभोवती फिरत राहिली. कॉइल नाही, खरवडणं नाही. आदल्याच वर्षी डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडने तारेतल्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं होतं, त्यापुढचं हे पाऊल. फॅरेडेने त्याची खिशात मावेल अशी छोटी रूपं करून परदेशातल्या शास्त्रज्ञांना पाठवलीही. आज त्याच जातीची एक मोटर स्क्रू, गोल चुंबक आणि तारेचा तुकडा घेऊन अर्ध्या मिनिटात होते. स्क्रू सेलला खालून लोंबकळतो आणि भन्नाट फिरतो. मुलांना तीच जास्त आवडते. मला ती जरा फुकटची वाटते. तिच्यात चुकायला जागाच नाही.

आपल्या कॉइलच्या मोटरीने पाणी चढत नाही, पीठ दळलं जात नाही. टोकाला कागदाचा इवलासा पंखा चिकटवला तर तोलच बिघडतो.

वीज येते, पंखा फिरायला लागतो. पिना परत माळेत अडकवायच्या. खणातला सेल तर मोटरीला पुरलाच नव्हता. घड्याळाने चाटून पुसून ठेवलेला सेल दोन अँपिअर कुठून देणार? दुकानातून नवा आणावा लागला. तो आता दमलाय, पण भिंतीवरच्या घड्याळाला मिलिअँपिअरचा जेमतेम अंश लागतो. त्यात घातला तर महिनोन्महिने चालेल. जुना टाकायला हवा खरा. असू दे, थोडा जीव असेल.