"मॅडम, नळीत काहीच नाहीये हो!"

आज अल्ट्रासेंट्रिफ्यूजमधून (प्रचंड वेगाने फिरवून बारीक कण तळाशी बसवणारं यंत्र) नळ्या काढल्या आणि लॅबमधल्या नव्या मुलीचा चेहरा पडला. तळाला काहीच दिसेना. मला हसू आलं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही अशीच 'रिकामी' नळी बेसिनमध्ये ओतली होती. तीन दिवसांची मेहनत गेली, वर गाइडची बोलणी. तेव्हापासून नळी रोटरमध्ये (यंत्राच्या फिरत्या भागात) ठेवण्याआधी बाहेरच्या अंगाला मार्करने ठिपका देते. माल तिथेच चिकटतो, दिसो वा न दिसो.

आणि दिसणार तरी कसा? हा माल म्हणजे एक्झोसोम, पेशींनी बाहेर सोडलेल्या जेमतेम 30 ते 150 नॅनोमीटरच्या पुड्या. 1967 मध्ये पीटर वुल्फ यांनी प्लेटलेट्समधून निघणाऱ्या अशा कणांना चक्क 'धूळ' म्हटलं होतं. 1983 मध्ये कळलं की कोवळ्या लाल पेशी नकोसा झालेला ट्रान्सफेरिन रिसेप्टर (लोह आत घ्यायला लागणारं प्रथिन) अशाच पुड्यांत बांधून बाहेर टाकतात. म्हणजे पुन्हा कचराच! 2007 मध्ये त्यात आरएनए (जनुकांचा निरोप नेणारा रेणू) सापडला आणि कचऱ्याला एकदम भाव आला.

मी मूळची रक्ताच्या मूळपेशींवाली. अस्थिमज्जेतली शेजारीण पेशी मूळपेशीला 'झोपून राहा' सांगते की 'ऊठ, कामाला लाग', हे शोधता शोधता या पुड्यांपाशी येऊन अडकले. वीस वर्षं झाली. प्रयोग अजूनही फसतात (कालचा तर सपशेल).

संध्याकाळी ठिपक्याच्या जागी 100 मायक्रोलिटर बफर (क्षारांचं द्रावण) तिच्याकडूनच हळूहळू फिरवून घेतलं. कण मोजणाऱ्या मशीनच्या पडद्यावर पांढरे ठिपके थरथरायला लागले तशी ती ओरडलीच, "अय्या, एवढे?"