सिस्टर, एवढा धीर आणता कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पेशंटचे नातेवाईक विचारतात, सोसायटीतल्या बायकाही विचारतात: पूर येवो, आग लागो, साथ येवो, तुम्ही ड्युटीवर जाताच; एवढा धीर येतो कुठून?

आधी करून ठेवलेल्या कामातून येतो. आणि त्यातलं निम्मं काम घरचं असतं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आमच्या पुण्यात आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर भागात घुसला. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी नर्सचं घरही तळमजल्यावर असू शकतं. पोरं कुठे आहेत हे ठाऊक नसेल तर हात सलाईन लावतात, पण जीव फोनमध्ये अडकलेला असतो, आणि डोस चुकतात ते अशाच वेळी. म्हणून पावसाळ्याआधी आमच्याकडे सगळं ठरलेलं असतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या जास्तीच्या आणलेल्या, मुलाला शाळेतून कोण आणणार तेही पक्कं. मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की नदीपलीकडे राहणाऱ्या आमच्या नर्स मुली लवकर निघतात, बरोबर एक जास्तीचा कपड्यांचा जोड घेऊन. पुढची शिफ्ट वेळेत पोहोचेलच असं नसतं.

वॉर्डातली तयारी रोजचीच. क्रॅश कार्ट म्हणजे तातडीच्या औषधांची ढकलगाडी, हाताने श्वास द्यायची ॲम्बू बॅग, घशातला स्राव ओढणारं सक्शन, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा, हे सगळं तपासायचं. ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह, म्हणजे वॉर्डाचा ऑक्सिजन बंद करायची कळ, नव्या सिस्टरला पहिल्याच दिवशी दाखवायचा. आगीत तो बंद करावा लागतो, पण त्याआधी ऑक्सिजनवरच्या पेशंटना सिलिंडरवर घ्यायचं असतं, हेही तेव्हाच सांगायचं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली. तेव्हापासून मॉक ड्रिलच्या वेळी कोणी टंगळमंगळ केलेली मला सहन होत नाही.

सगळ्यात अवघड असतं ते ट्रायाज, म्हणजे आधी कोणाकडे बघायचं ते ठरवणं. एकदम खूप जखमी आले की पट्ट्या बांधतात: लाल म्हणजे लगेच, पिवळी म्हणजे थोडं थांबू शकेल, हिरवी म्हणजे किरकोळ, काळी म्हणजे वाचण्याची आशा नाही. मोठ्याने ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास आला नाही, तर काळी पट्टी बांधून पुढच्याकडे वळायचं. एरवी त्याच माणसासाठी आम्ही जिवाचं रान केलं असतं. पण त्या घडीला हात मोजके असतात आणि पुढे वाचू शकणारा माणूस पडलेला असतो. हे शिकवता येतं, सरावाने जमतंही, पण मनातून जात नाही. म्हणून अशा शिफ्टनंतर इन्चार्ज सिस्टरांनी सगळ्यांना चहाला बसवून बोलतं करावं, असं माझं ठाम मत आहे. रडू आलं तर येऊ द्यावं. न बोलता घरी गेलेली मुलगी पुढे झोपेविना काढते, आणि मग एक दिवस नोकरी सोडते.

मार्च २०२० मध्ये पुण्यात कोरोना आला, तेव्हा लोकांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांचं प्रेम खरं होतं. पण आम्हाला हवी होती ड्युटी संपताच वेळेवर येणारी बदली सिस्टर, गरम जेवण आणि रात्री घरी सोडणारी गाडी. कणखरपणा यांवरच टिकतो, आणि ते पुरवणं हे रुग्णालयाचं काम आहे.

तुमच्या इमारतीत कोणी नर्स राहत असेल, तर तिची नाइट कधी असते ते विचारून ठेवा. तिच्या घरची एक किल्ली तुमच्याकडे ठेवायला सांगा.