तुम्ही विचारलंत म्हणून: नेमकं का नाही सांगत?

"एवढे ताकदीचे कॉम्प्युटर आलेत. मेश बारीक करा आणि नेमकं सांगा ना, सरासरी कसली देता?" पॅनेल किती कंपेल याचा अंदाज मी देतो, त्यावर हे मला डिझाइनवाले विचारतात, नवीन मुलं विचारतात, एकदा तर हिशेबवाल्यानेही विचारलं. मी दरवेळी आकडे मांडतो: एक मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात ८००० हर्ट्झची वाकणलहर जेमतेम ३५ मिलिमीटरची, एका लहरीला सात-आठ एलिमेंट (गणितासाठी पत्र्याचे पाडलेले तुकडे, त्यांची जाळी म्हणजे मेश), म्हणजे चौरस मीटरभर पत्र्याला पन्नासेक हजार. समोरचा म्हणतो, "एवढेच? मग घाला की."

बरोबर आहे. मीही घातले होते.

रॉकेटच्या आवाजाने होणाऱ्या कंपनांसारख्या प्रश्नांसाठी १९६०च्या सुमारास रिचर्ड लायन आणि प्रेस्टन स्मिथ यांनी ऊर्जेच्या जमाखर्चाची पद्धत उभी केली, तीच पुढे एसईए (स्टॅटिस्टिकल एनर्जी अ‍ॅनालिसिस) झाली; मी देतो ती सरासरी याच पद्धतीची. गणनशक्ती नव्हती म्हणून केलेली तडजोड, असं तेव्हा माझं मत. माझ्या पॅनेलचा आलेख चाचणीशी ३००० हर्ट्झपर्यंत जुळला. (चार दिवस डॅम्पिंग, म्हणजे कंपन किती लवकर शमतं तो आकडा, इकडेतिकडे करून जुळवला, तेही सांगून टाकतो.) तो मी बैठकीत ऐटीत दाखवला.

दुपारी चाचणीवाल्याने बोलावलं. "साहेब, तेच पॅनेल काढून परत लावलंय. बघा." तेच बारा बोल्ट, तोच टॉर्क. ३०० हर्ट्झपर्यंत रेषा एकावर एक. २००० च्या पुढे मात्र शिखराच्या जागी खड्डा, एके ठिकाणी पंधरा डेसिबलचा फरक. मी म्हणालो, बोल्ट नीट कसले नसतील. तो काही बोलला नाही, पाना माझ्या हातात दिला. मी स्वतः कसले. तिसरी रेषा आली, ती आधीच्या दोन्हींशी जुळेना. मग तो चहाला गेला. मी तिथेच बसलो.

आता हिशेब सोपा वाटतो. असल्या पत्र्यात साधारण दर तीन हर्ट्झला एक मोड, म्हणजे पत्र्याची कंपायची एक नैसर्गिक तऱ्हा. जाडी ०.०१ मिलिमीटरने चुकली की फ्रिक्वेन्सी एक टक्का सरकते. ८००० ला ते ८० हर्ट्झ, म्हणजे पंचवीसेक मोड इकडचे तिकडे. मेश कितीही बारीक करा, तो पत्रा मुळात तुमच्या ड्रॉइंगमधला नाहीच. म्हणून सरासरी. आळस म्हणून नव्हे, कृपा करून तसं म्हणू नका.

पण तेव्हाचा मी अजून भांडतो. सरासरी अख्ख्या पॅनेलची ऊर्जा सांगते, आणि तडा जातो बोल्टच्या भोकाच्या कडेला. "कुठे तुटेल?" असं विचारलंत तर माझ्या अंदाजाचा पट्टा, वरची-खालची मर्यादा, सगळं बिनकामाचं. एकदा सरासरी ठीक होती आणि ब्रॅकेट तुटलं. अहवाल माझाच होता.

मागच्या महिन्यात भोकाभोवतीच्या तळहाताएवढ्या तुकड्याला पुन्हा बारीक मेश लावलाय. डॅम्पिंगला अजून हात लावलेला नाही.