गॅदरिंगमधलं लोककलेचं दालन

येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या सरली, की शेतातल्या कोपीत मांडलेल्या दगडांच्या पांडवांना चुना लावलेले हात शाळेत काव, म्हणजे गेरू कालवायला बसत. लातूर-धाराशिवकडच्या शाळेत गॅदरिंग म्हटलं की नाचाच्या तालमींचाच गलका. पण चित्रकलेच्या वर्गात दरवर्षी एखाद्या मुलखाची लोककला उतरायची आणि पालक नाटकाआधी तिथे डोकावायचे.

वारलीचं वर्ष सगळ्यांत लाडकं. चार वाट्या काव, वाटीभर डिंकाचं पाणी, हार्डबोर्डवर त्याचे दोन थर. डिंक कमी पडला की काव सुटते आणि पांढरे गणवेश तांबडे होतात. थर नीट वाळू दिला नाही, तर पांढरी रेघ गुलाबी होते. रात्रभर भिजवलेले तांदूळ बारीक वाटून फडक्यातून गाळायचे, त्यात थोडा डिंक; कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. खरी गोम पुढे आहे. तांदळाची ओली रेघ फिकी दिसते, वाळल्यावर उजळते. धीर न धरता मुलं तिच्यावरच पुन्हा रेघ ओढत, पीठ जाड होई आणि जानेवारीच्या कोरड्या हवेत पापुद्रे धरून गळून पडे. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य; त्याच्या नाचात वाजवणारा आधी काढावा, मग त्याच्याभोवती माणसांचा वेढा. उलट केलं की त्याला जागाच उरत नाही. देवचौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, मात्र शोभेसाठी काढू देऊ नये. तो लग्नघरचा, पालघाट देवीचा.

मिथिलेच्या, म्हणजे मधुबनी चित्रांच्या वर्षी दुहेरी रेघ आधी, रंग नंतर. स्केचपेननं बाह्यरेषा काढली की पाण्याचा रंग लागताच ती पसरायची, म्हणून पाण्यानं न फुटणारी काळी शाईच बरी.

आणि चित्रकथी! चित्रं दाखवत कथा सांगायची ही कला सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजाची. तिच्या जुन्या चित्रांना पैठणचंही नाव चिकटलेलं, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना ती लगेच जवळची वाटे. पोथीत, म्हणजे एका कथेच्या चित्रांच्या संचात, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात. खळ एकाच कागदाला लावली तर तो वाकतो. दोन्हींना पातळ लावून रात्रभर बाकाखाली दाबून ठेवायचं. शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून डोळे मोठे, रेघ ठसठशीत, एका चित्रात तीन-चारच माणसं. सांगणारा चित्र छातीशी धरतो, बाजूला वीणा आणि टाळ. पान उलटायची घाई झाली की कथा हुकते. म्हणून आधी ओवी संपवायची, टाळ थांबू द्यायचा आणि मगच पुढचं चित्र वर न्यायचं.