मैदानात जाऊन आलेला सोफा

गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं. बर्लिनमध्येच, पण पार आग्नेय टोकाला, कोपेनिकला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सोफा जिन्याच्या वळणावर असा अडकला की ना वर ना खाली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडलं. म्हटलं, झालं! आता दुपारच्या शांततेचा नियम ऐकायचा. इथे सात वर्षं काढल्यावर दार उघडल्याच्या आवाजावरूनही पोटात गोळा येतो. पण आजोबा पान्हा घेऊन आले, जिन्यातच मांडी घालून बसले आणि सोफ्याचे चारही पाय काढून माझ्या हातात दिले.

संध्याकाळी आभार मानायला बायकोने केलेला शिरा घेऊन गेलो. त्यांच्याकडे एक तपकिरी, मधोमध खड्डा पडलेला सोफा होता. मी बसणार तोच म्हणाले, "जपून. हा मैदानात जाऊन आलाय."

2014 च्या फुटबॉल वर्ल्डकपची ही गोष्ट. इथल्या युनियन बर्लिन क्लबने लोकांना सांगितलं, आपापला सोफा घेऊन या. लोकांनी शेकडो सोफे आणून मैदानात मांडले, समोर मोठा पडदा लावला आणि महिनाभर आपल्याच सोफ्यावर बसून मॅच पाहिल्या. त्या वर्षी जर्मनी जिंकली. आजोबांच्या मते त्यात सोफ्याचाही वाटा आहे.

आता मी पडलो कोल्हापूरचा. फुटबॉलवरून मला कुणी गोष्ट सांगायला लागलं की आधी माझी मान ताठ होते. मी लगेच आमच्या तालमींचं सुरू केलं. कुस्तीच्या तालमी आणि त्यांच्याच फुटबॉल टीम, पेठापेठांतली खुन्नस, शाहू स्टेडियमवरची गर्दी, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस हे संघ. माझी तालीम कुठली ते इथे सांगत नाही, निम्मे वाचक इथूनच परत जातील. "आमच्याकडे पेठ टीम चालवते, शेठ नाही," असं मी छाती काढून सांगितलं. जर्मनमध्ये त्यातलं यमक मेलं, पण मुद्दा पोचला.

आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मैदान कुणी बांधलं?"

इथून पुढे दोन तास त्यांचे.

क्लबचं मूळ 1906 चं, शेजारच्या ओबरशोनवायडे या कारखान्यांच्या वस्तीतलं. खेळाडूंचे निळे कपडे कामगारांच्या डगल्यासारखे दिसायचे, म्हणून 'फिटरची पोरं' हे नाव पडलं. आजचा युनियन 1966 ला पूर्व जर्मनीच्या राजवटीतच स्थापन झाला. दोनच वर्षांनी त्यांनी देशाचा कप जिंकला. पण राजवटीचा लाडका संघ दुसराच होता, बीएफसी डायनॅमो. त्याच्या पाठीशी गुप्त पोलिसांचा प्रमुख एरिक मील्के. 1979 ते 1988 सलग 10 वेळा तेच लीगचे विजेते. युनियनवाल्यांच्या वाट्याला पडझड आणि टोमणे. फ्री किकच्या वेळी समोर खेळाडूंची भिंत उभी राहिली की प्रेक्षक ओरडायचे, "भिंत हटलीच पाहिजे!" कुठली भिंत, ते सगळ्यांनाच कळायचं. बर्लिनची भिंत खरोखर पडल्यावर जानेवारी 1990 मध्ये पश्चिमेच्या हेर्था क्लबशी ऑलिंपिक स्टेडियममध्ये मैत्रीची मॅच झाली. 50,000 हून जास्त लोक आले होते. आजोबाही होते. हरलो, म्हणाले, आणि हसले.

मग आली कंगाली. 2004 मध्ये पुढच्या हंगामाचा परवाना मिळवायला जवळपास 15 लाख युरो दाखवायचे होते. इथे रक्तदानाला थोडा मोबदला मिळतो. युनियनच्या लोकांनी रक्त दिलं आणि तो मोबदला क्लबला दिला. मोहिमेचं नावच होतं, 'युनियनसाठी रक्त सांडा'. आपल्याकडे नेत्याच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर होतं, बॅनरवर नेत्याचा हसरा चेहरा. मी तोही किस्सा सांगणार होतो. गिळला.

पण माझी खरी विकेट पडली ती 2008 च्या गोष्टीवर. त्यांचं मैदान म्हणजे 'जुनी वनचौकी', झाडीत लपलेलं. पायऱ्या इतक्या खचल्या होत्या की तिथे खेळायची परवानगीच जाणार होती. सरकारकडून पैसा येईना, क्लबकडे नव्हता. तेव्हा 2,000 हून जास्त लोकांनी बिनपगारी काम करून ते पुन्हा बांधलं. गवंडी, सुतार, वेल्डर होते तसे शिक्षक आणि कारकूनही होते. कुणी रजा टाकून आलं, कुणी बेकार होतं म्हणून रोज आलं. सगळे मिळून सुमारे 1,40,000 तास. वर्षभर संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळला आणि त्याच हंगामात वरच्या श्रेणीत गेला. जुलै 2009 मध्ये नवं मैदान उघडलं, पाहुणे पुन्हा हेर्थाच, आणि युनियनवाले पुन्हा हरले. बाहेर आज बांधकामाच्या लाल हेल्मेटचं स्मारक आहे.

आजोबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी एक वही काढली. रोजची तारीख, काम आणि तास. 'सिमेंट, 6.' 'पायऱ्या, 8.' 'पाऊस, 2.' दुकानाच्या उधारीच्या वहीसारखी. शेवटच्या पानावर बेरीज, खाली दोन रेघा. 412.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. इतकं टापटीप प्रेम मला सहन होत नाही. आमच्याकडे रात्री दोनला मांडव घालणारी पोरं तास मोजत नाहीत. आणि इथेही सगळं काही सोवळं नाही. 2019 ला संघ पहिल्यांदा बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये पोचला आणि त्याच वर्षी छातीवर एका मालमत्ता कंपनीचं नाव आलं. ज्या शहरात घरभाड्यावरून मोर्चे निघतात, तिथे. पुष्कळ चाहते चिडले. हे मी आजोबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मीही चिडलो. सभेत बोललो." इथे क्लब सभासदांचा असतो आणि सभेत बोलता येतं. अडचण अशी की मी आमच्या तालमीच्या सभेला कधी गेलोच नाही.

पुढच्या शनिवारी ते मला मॅचला घेऊन गेले. जवळजवळ सगळं मैदान उभ्याने बघणारं, खुर्च्या थोड्याच. गोल झाला की फलकावरचा आकडा माणूस हाताने बदलतो. मी गोल सोडून त्या फळीकडेच बघत राहिलो. शून्याची पाटी निघाली, क्षणभर काळं भोक दिसलं, मग एकची पाटी बसली. बाजूचे आजोबा माझ्या कानात ओरडत होते आणि तोंडाला मोहरीचा वास येत होता. त्या क्षणी मला शाहू स्टेडियमच्या गेटबाहेरची भेळ इतकी आठवली की डोळ्यांत पाणी आलं. थंडीने आलं असं सांगितलं.

परत येताना पायऱ्या उतरताना ते एका जागी थांबले, बुटाच्या टोकाने काँक्रीट ठोकलं आणि म्हणाले, "ही माझी."

मी बारावीला असताना आमच्या तालमीच्या इमारतीचं काम निघालं होतं. पोरं घमेल्याने वाळू वाहत होती. मला क्लास होता. संध्याकाळी सहाचा. काम सकाळी होतं, पण सकाळी अभ्यास असायचा, आणि तो केला म्हणूनच आज मी इथे आहे, हेही खरं. शिवाय दर गणपतीला वर्गणी पाठवतो. मी फोनमधली पावती काढून आजोबांना दाखवली. माझं आडनाव त्यात चुकलंय, पण आकडा बरोबर आहे. त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिली.

"छान," म्हणाले. "आणि तास?"

रात्री मित्राला फोन लावला. तिकडे साडेबारा वाजून गेले होते, पण तो कट्ट्यावरच होता, मागे कुणीतरी मोठ्याने हसत होतं. विचारलं, तालमीत सध्या काही काम चाललंय का?

"रंगकाम काढलंय की," तो म्हणाला. "तू किती पाठवतोयस?"