मोटार का जळाली? : आमची वाटचाल

पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या गावांत, ऐन उन्हाळ्यात उसावरची मोटार बंद पडली की घरात दुसरा विषय नसतो. अशा जळालेल्या मोटारींत तारेचे नवे वेढे भरून देण्याचं, म्हणजे वायंडिंगचं काम अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐंशीच्या दशकात सुरू केलं. आमच्या भागाला यंत्रांची ओळख जुनीच. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, आणि पुढच्या पिढ्यांत लेथवर हात बसलेली माणसं आसपासच्या गावागावांत तयार झाली. अण्णा मात्र वायंडिंग शिकले ते सांगलीतल्या एका दुकानात, हाताखालचा पोऱ्या म्हणून. शाळेतलं विज्ञान आठवीपर्यंतच, पण वेढे मोजण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

मोटार भरायची म्हणजे नुसती जळकी तार काढून नवी घालायची, असं पुष्कळांना वाटतं. जुनी कॉइल काढताना प्रत्येक स्लॉटमधले, म्हणजे लोखंडातल्या खाचेतले, वेढे मोजायचे, तारेचा गेज (जाडी) मायक्रोमीटरनं घ्यायचा, कॉइल कितव्या स्लॉटातून निघून कितव्यात उतरते ते लिहायचं, तीन फेजच्या कॉइलींची जोडणी स्टार (तिघींचं एकेक टोक एकत्र) आहे की डेल्टा (टोकाला टोक जोडून त्रिकोण) ते पाहायचं. अण्णांच्या डाटाच्या वह्या अजून आमच्या कपाटात आहेत, आणि दुकानातली सर्वांत मौल्यवान वस्तू मी त्यांनाच मानतो. वेढे कमी पडले तर लोखंडात चुंबकत्व गरजेपेक्षा जास्त होतं आणि मोटार रिकामी फिरतानाही तापते. वेढे जास्त झाले तर तिचा जोर कमी होतो, पंप पाणी ओढत नाही. वेढ्यांचा आकडा म्हणजे त्या मोटारीचा स्वभावच.

ती फिरते कशी, हे अण्णा मला स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा बाहेरचा भाग, पुढ्यात ठेवून सांगायचे. तीन फेजच्या तीन कॉइली एकमेकींपासून 120 अंशांवर बसवलेल्या असतात. प्रत्येकीतला प्रवाह सेकंदाला 50 वेळा आवर्तन पुरं करतो, पण तिघी एकाच वेळी भरात येत नाहीत, एकामागून एक येतात. त्यामुळे तारा जागच्या जागी असल्या तरी त्यांचं चुंबकीय क्षेत्र गोल फिरत राहतं. दोन पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटारीत ते मिनिटाला 3000 फेरे घेतं, चार पोलच्या मोटारीत 1500. मधल्या फिरणाऱ्या भागाला, म्हणजे रोटरला, बाहेरून एकही तार जोडलेली नसते. त्याच्यात ॲल्युमिनियमच्या सळ्या असतात आणि दोन्ही टोकांना त्या कड्यांनी जोडलेल्या असतात. फिरतं क्षेत्र सळ्यांवरून जाताना त्यांच्यात वीज उपजते, आणि वीज वाहणारी सळई चुंबकीय क्षेत्रात असली की तिच्यावर जोर लागतो. रोटर क्षेत्राच्या मागे धावतो, पण त्याला कधीच गाठत नाही. गाठलं तर सळ्यांवरून क्षेत्र सरकणंच थांबेल, वीज उपजणार नाही आणि जोरही राहणार नाही. म्हणून चार पोलच्या मोटारीच्या पाटीवर 1500 ऐवजी 1440 च्या आसपासचा आकडा दिसतो. 1831 मध्ये मायकेल फॅरेडेनं दाखवलेलं तत्त्व ते हेच, कॉइलमधलं चुंबकत्व बदललं की कॉइलमध्ये वीज उपजते. मोटारही त्यावरच चालते आणि जनरेटरही.

मी दुकान हाती घेतलं तेव्हा एकच गोष्ट मनाशी पक्की केली. मोटार का जळाली, हे सांगितल्याशिवाय ती परत द्यायची नाही. जळालेलं वायंडिंग नीट पाहिलं तर बरंच बोलतं. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि एक फेज कोरी असेल, तर डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडाला होता आणि मोटार दोनच फेजवर चालत राहिली. अशा वेळी उरलेल्या तारांतला प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. डेल्टा असेल तर चित्र उलटं, एक फेज जळलेला आणि दोन शाबूत. सगळ्या कॉइली सारख्याच करपल्या असतील तर व्होल्टेज कमी होतं, नाहीतर बोजा जास्त होता. एकाच जागी ठिपक्यासारखं जळलं असेल तर वेढ्याला वेढा चिकटला. कमी व्होल्टेजचं आमच्याकडे फार आहे. व्होल्टेज 80 टक्क्यांवर आलं की मोटारीची ताकद 64 टक्क्यांवर येते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. पाणी मात्र तेवढंच उचलायचं असतं. रोटर मागे पडतो, प्रवाह वाढतो, तार तापते.

माझं कळकळीचं म्हणणं आहे की शेतकऱ्याला हे समजायला पाहिजे. साडेसात एचपीची मोटार पूर्ण बोजावर साधारण 11 अँपिअर घेते. प्रवाह जास्त झाला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले सतत पडतो म्हणून कुणी तो 18 वर नेऊन ठेवला, तर रिले असून नसल्यासारखा. मग त्याच हंगामात तीच मोटार पुन्हा आमच्याकडे येते. आमचा धंदा त्यावर चालेल, पण असा धंदा आम्हाला नको.

ऑगस्ट 2019 चा महापूर आमच्या कामातला सर्वांत अवघड काळ. पाणी ओसरलं तशी दुकानापुढे चिखलानं माखलेल्या मोटारींची रांग लागली. नदीकाठचा प्रत्येक जण म्हणत होता, "भरून टाका." बुडालेली प्रत्येक मोटार भरावी लागत नाही. आम्ही मोटारी खोलल्या, स्वच्छ पाण्यानं गाळ धुतला, बेअरिंग बदलले, वायंडिंग ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवलं आणि मेगर या मीटरनं तारेवरचं इन्सुलेशन तपासत राहिलो. आकडा वर चढून स्थिर झाला की पुन्हा वॉर्निश. पुष्कळ मोटारी तेवढ्यावर उभ्या राहिल्या. ज्यांनी घाईनं ओली मोटारच लाइनला जोडून पाहिली, त्यांच्या मात्र जळाल्या.

जनरेटरचं काम आमच्याकडे तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमुळे आलं. एक तक्रार हमखास यायची. इंजिन छान चालतं, पण मीटर शून्यावर. अनेकदा दोष एवढाच, की बरेच महिने बंद राहिल्यामुळे लोखंडात मागे उरणारं थोडंसं चुंबकत्व नाहीसं झालेलं असायचं. त्या थोड्याशा चुंबकत्वावरच जनरेटरची पहिली वीज तयार होते. फील्डला, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलला, क्षणभर 12 व्होल्टची बॅटरी योग्य बाजूनं दाखवली की व्होल्टेज चढायला लागतं.

दुकानात येणारी तरुण मुलं एक प्रश्न नेहमी विचारतात. मोटारीनं जनरेटर फिरवायचा आणि त्याच विजेवर मोटार चालवायची, असं का होत नाही? मी त्यांच्या हातात चुंबकाची एक छोटी डीसी मोटार देतो. तारा मोकळ्या ठेवून दांडा फिरवला की सहज फिरतो. दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या की तोच दांडा जड होतो. वीज वाहू लागली की ती फिरवणाऱ्याला विरोध करते. बोजा पडल्यावर जनरेटरच्या इंजिनाचा आवाज बदलतो तो यामुळेच. वीज डिझेलमधून येते, जनरेटरमधून नाही. त्यातलीही काही तारेत आणि लोखंडात उष्णता होऊन जाते, म्हणून फेरा कधीच पुरा होत नाही.

हीच चाचणी आता इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातच बसवलेल्या हब मोटारीला उपयोगी पडते. चाक हातानं जड फिरत असेल तर आधी मोटारीला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरपासून तीन फेजच्या तारा सोडवायच्या. चाक हलकं झालं तर मोटार ठीक आहे, कंट्रोलर शॉर्ट झाला आहे. तारा सुट्या असूनही जडच राहिलं तर बेअरिंग किंवा वायंडिंग पाहायचं. गेल्या काही वर्षांत असं काम वाढतंय, आणि आमच्याकडची दोन पोरं त्यात चांगली तयार झाली आहेत.

आमच्याकडे मोटार आणताना स्टार्टरही सोबत आणा. शक्य असेल तर बंद पडायच्या आधीचं व्होल्टेज आणि अँपिअर लिहून आणा, आणि डीपीवरचा कुठला फ्यूज गेला होता तेही सांगा. वायंडिंग उघडल्यावर आम्ही ते तुम्हाला दाखवू आणि कारण कागदावर लिहून देऊ.